डायपर तर ओला होता

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात एके दिवशी सकाळी सव्वासहाला फोन आला. "सिस्टर, अण्णांचं डोकं फिरलंय. परवापासून कुणाला ओळखंनात. रात्रभर उठतात, ओरडतात. येऊन झोपेचं इंजेक्शन देता का?"

सोळा वर्षं वॉर्डात काढल्यावर आता मी मिरज-सांगली भागात घरोघरी जाऊन रुग्णसेवा करते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय इंजेक्शन देत नाही, असं सांगून मी दोन-चार प्रश्न विचारले. ताप? नाही. लघवी होते का? "होते की. डायपर ओलाच असतो सारखा." ते ऐकून मी लघवीचा विचार बाजूला ठेवला. इतक्या वर्षांच्या कामानंतरही. त्या दिवसाची आठवण आली की आधी हेच टोचतं.

घर कुपवाडच्या बाजूला, दोन खोल्यांचं. अण्णा ७९ वर्षांचे, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. वर्षापूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, पण वॉकर धरून अंगणापर्यंत जायचे, पेपर वाचायचे, औषधांच्या वेळा स्वतः लक्षात ठेवायचे. मुलगा एमआयडीसीत, त्या आठवड्यात रात्रपाळीला. घरात गुडघ्यांनी बसवलेल्या आक्का आणि शिवणकाम करणारी सून.

अण्णांचे दोन्ही हात कॉटला बांधलेले होते. जुन्या लुगड्याची पट्टी, मऊच, पण मनगटं लाल झाली होती. "सोडा, गाडी लागलीय," ते म्हणत होते. "पुढं सरका, पुढं सरका."

आधी गाठी सोडल्या. सून रडायला लागली. "काल दोनदा कॉटवरनं उतराय गेले. दुसरा खुबा मोडला असता तर?" तिचे डोळे सुजले होते, तीन रात्री पाठ टेकली नव्हती. तिला रागावणं सोपं होतं. पण हात बांधलेला माणूस आणखी घाबरतो, आणखी झटतो, त्यातच पडतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कॉट भिंतीला लावली, खाली दोन गाद्या टाकल्या आणि एकाला त्यांचा हात धरून बसवलं.

मग तो प्रश्न, जो मी प्रत्येक घरात विचारते: हे कधीपासून? हळूहळू, वर्ष-सहा महिन्यांत होत आलंय, की अचानक? "चार दिवसांपूर्वी चांगले होते," आक्का म्हणाल्या. "शेजारची म्हणाली, वयानं असं होतंच. कुणी म्हणालं, बाहेरचं असंल."

वयानं असं होत नाही. विसरभोळेपणा वर्षावर्षानं वाढतो. पण दोन-तीन दिवसांत माणूस भ्रमिष्ट झाला, दिवसा पेंगतो, रात्री बडबडतो, मध्येच तासभर नीट बोलतो, तर शरीरात कुठंतरी काहीतरी बिघडलंय. जुनी माणसं याला 'वात झालाय' म्हणायची, डॉक्टर 'डिलिरियम' म्हणतात. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, अंगात पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम घटणं, साठलेला मळ, नवं औषध: म्हाताऱ्या शरीरात यातलं काहीही आधी डोक्यावर दिसतं. अशा वेळी ताप येईलच असंही नाही.

मी घरातली सगळी औषधं पलंगावर ओतायला सांगितली. फक्त चिठ्ठीवरची नव्हे. डब्यातली, खिशातली, देवळीतली, दुसऱ्याची उरलेलीसुद्धा. हे प्रत्येक घरानं करावं. बीपीची गोळी नेहमीची होती. तिच्याशेजारी सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट, सहा संपलेल्या. थंडीनं नाक गळत होतं म्हणून दुकानातून आणल्या होत्या. आणि आक्कांच्या झोपेच्या गोळीतली अर्धी, काल रात्री 'शांत झोपतील' म्हणून दिलेली.

सर्दीच्या गोळीनं माझं डोकं लख्ख झालं. तिच्यातलं क्लोरफेनिरामीन नाकातलं पाणी आटवतं, तसंच मूत्राशयाचा जोरही कमी करतं. नाक मोकळं करणारं दुसरं द्रव्य मूत्राशयाचं तोंड आवळतं. आणि अण्णांना प्रोस्टेटचा त्रास जुनाच, "रात्री चारदा उठायचे." मी ओटीपोटावर हात ठेवला. बेंबीपर्यंत टणक फुगवटा. जरा दाबलं तर अण्णा किंचाळले.

लघवी तुंबली होती. डायपर ओला होता, कारण हंडा काठोकाठ भरला की थेंब थेंब सांडतो, तसं ते सांडणं होतं. घरच्यांना वाटलं, होतेय. फोनवर मलाही वाटलं. ते सारखे का उठत होते, तेही आता कळलं. त्यांना सांगता येत नव्हतं, म्हणून ते गाडीचं नाव घेत होते.

डॉक्टरांना फोन केला, रिक्षानं मिरजेला नेलं. नळी घातली तेव्हा ११०० मिली लघवी निघाली. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून मोकळ्या झालेल्या मी पाहिल्या. तपासणीत थोडा संसर्गही सापडला.

मुलाला वाटलं, आता लगेच ओळखतील. मी त्याला तिथंच बजावलं की कारण गेलं तरी डोकं जाग्यावर यायला दिवस लागतात, कधी आठवडेही. तोवर त्यांच्याशी वाद घालायचा नाही. "कुठली गाडी, अण्णा तुम्ही रिटायर झालाय" म्हटलं की ते चिडायचे; "पंढरपूरची का? आधी चहा घेऊ" म्हटलं की बसायचे. चष्मा डोळ्यावर हवा. मोठं घड्याळ आणि कॅलेंडर समोर. दिवसा खिडकी उघडी, रात्री मंद दिवा. खोलीत जाताना दरवेळी स्वतःचं नाव सांगायचं. पाहुणे एका वेळी एक.

चौथ्या दिवशी त्यांनी सुनेला नावानं हाक मारली.

घरी आल्यावर मी पाण्याचं विचारलं. सून खाली बघत म्हणाली, "कमीच देत होते. सारखं डायपर बदलावं लागतं म्हणून." हे मला जवळजवळ प्रत्येक घरात दिसतं, आणि त्यामागं आळस नसतो, थकवा असतो. पण कमी पाण्यानं लघवी जळते, मळ खडा होतो, डोकं भरकटतं. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल, तर दिवसभर थोडं थोडं द्यायचं. जास्त सकाळी आणि दुपारी, रात्री कमी. नळीची पिशवी कायम कमरेच्या खाली टांगलेली, पण जमिनीला न टेकलेली. डॉक्टरांनी प्रोस्टेटची गोळी सुरू केली होती. तिनं उभं राहताना बीपी उतरू शकतं. म्हणून उठताना आधी काठावर पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, मग वॉकर.

कॅलेंडरच्या चौकोनात रोज लिहायला सांगितलं: पाणी किती पेले, लघवी, शौच, नवीन गोळी. आणि पाचवी गोष्ट, तिची स्वतःची झोप. ती म्हणाली, "माझी कशाला?" मी म्हटलं, तू पाच तास झोपली असतीस तर पट्टी बांधायची वेळ आली नसती. मुलाला वेगळं बसवून सांगितलं की रात्रपाळी बदलून मिळते का बघा, नाहीतर आठवड्यातल्या दोन रात्री बहिणीला बोलवा. त्यानं बहिणीला माझ्यासमोर फोन केला.

आठव्या दिवशी नळी काढल्यावर बघायला गेले. लघवी नळीशिवाय मोकळी होत होती. कॅलेंडरवर लिहिलं होतं: पाणी ७, लघवी ५, शौच झाली, मी ४ तास. चार म्हणजे अजून कमीच.

अण्णा मनगट चोळत होते. "हे काय झालंय गं?"

सून माझ्याकडं बघायला लागली. मी काही बोलले नाही. "मी बांधलं होतं अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही पडाल म्हणून. मला कळलं नाही तुम्हाला काय होतंय."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग कॅलेंडरकडं बोट करून त्यांनी चष्मा मागितला.