कोणाच्या बाजूची

"तू नक्की कोणाच्या बाजूची आहेस?" ताईने फोनवर एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. मी काहीतरी बोलले आणि विषय बदलला. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

दादाने विचारलं असतं तर समजू शकले असते. पण ताईने? दोघांचे निरोप इकडून तिकडे नेताना टोचणारे शब्द मीच गाळत आले. कोण कधी येणार, कोणाची कोणाशी गाठ पडू द्यायची नाही, हेही मीच बघायचं. आई असती तर... जाऊ दे.

भांडणाऱ्याला निदान स्वतःची बाजू असते. मधे उभं राहणाऱ्याला दोन्हीकडचा राग तेवढा मिळतो. आज फार एकटं वाटतंय.

बायबलमधल्या दुसऱ्या करिंथकरांस पत्राचा ५ वा अध्याय काढून बसले. देवाने ख्रिस्ताच्या द्वारे आपला स्वतःशी समेट केला आणि समेटाची सेवा आपल्यावर सोपवली. हे प्रेषित पौल कोणाला लिहितोय? ज्यांच्याशी त्याचं स्वतःचंच बिनसलं होतं, त्यांना. आधीचं पत्र आपण अश्रू गाळत लिहिलं, असं तोच २ ऱ्या अध्यायात सांगतो. सोबती बर्णबाशी तर मार्काला बरोबर न्यायचं की नाही यावरून एवढी खडाजंगी झाली, की दोघे वेगळ्या वाटांनी गेले. पुढे तीमथ्याला लिहिताना मात्र मार्काला घेऊन ये, तो सेवेत माझ्या उपयोगाचा आहे, असं म्हणतो. मधल्या काळात कोण कोणाकडे गेलं, पहिला शब्द कोणी काढला, याबद्दल शास्त्रात एक ओळ नाही. मला नेमकं तेच वाचायचं होतं.

ज्याचा अपराध झाला त्या देवानेच पहिलं पाऊल टाकलं, हे खरं. पण ते मी ताईला ऐकवणार नाही. दुखावलेल्या माणसाला 'तूच पुढे हो' म्हणून गप्प बसवण्यासाठी ते लिहिलेलं नाही. झालं गेलं विसरा म्हणणाऱ्यांची आपल्या घरात कमी नाही. 'शांती, शांती' म्हणत जखम वरवर बरी करणाऱ्यांवर यिर्मया संदेष्टा किती संतापला होता! दक्षिण आफ्रिकेत १९९५ च्या कायद्याने सत्य आणि समेट आयोग नेमला. आर्चबिशप डेझमंड टूटू त्याचे अध्यक्ष होते. तिथेही माफी हवी असेल तर वर्णद्वेषी राजवटीच्या काळात केलेलं सगळं आधी उघड सांगावं लागे. आमच्याकडे ते एक वाक्य अजून कोणी उच्चारलेलं नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायात प्रभू येशू ज्याला वेदीपाशी दान ठेवून परत जायला सांगतो, त्याच्या भावाच्या मनात त्याच्याविरुद्ध काही आहे. म्हणजे चालायचं कोणी, हे स्पष्ट आहे. ऐकणाऱ्यांतले कित्येक गालीलातले, वेदी यरुशलेमेत. मधे शंभराहून जास्त किलोमीटर. दान तिथेच ठेवायचं, पायी घरी जायचं, भावाशी समेट करायचा आणि पुन्हा तेवढंच चालून यायचं. दादा एकही उपासना चुकवत नाही.

तर मी कोणाच्या बाजूची? दादाने उठून तिच्याकडे जावं, या बाजूची. हे लिहिताना हात थोडा थरथरला, कारण मग दादा... त्याच्यावरही माझा जीव आहे.

आणि तरीही एवढ्याने भागत नाही. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र पुन्हा वाचलं, जेमतेम २५ वचनांचं. पौल तिथे बरोबर मधे उभा आहे, मालक फिलेमोन आणि त्याचा दास अनेसिम यांच्या. अनेसिमाला तो माझं काळीज म्हणतो आणि फिलेमोनाला भाऊ. त्याने तुझं काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, हे स्वतःच्या हाताने लिहितो. तोही तुरुंगातून. एकाच्या बाजूने उभं राहायला दुसऱ्यावरची माया कमी करावी लागत नाही, हे त्या पत्रात मला दिसलं. मधे उभं राहणाऱ्याच्या पदरचं काहीतरी जाणारच. माझी थोडी झोप जातेय, थोडं नाव जातंय. जाऊ दे. ज्याच्या नावाने ही सेवा मिळाली, त्याचं काय काय गेलं ते ठाऊक असून मी कुरकुर कशाची करतेय?

२२ व्या वचनात पौल फिलेमोनाला सांगतो, माझ्यासाठीही राहायची सोय करून ठेव. म्हणजे पत्र पाठवून तो मोकळा होणार नव्हता, सुटका झाली की त्या घरात मुक्कामाला जायची त्याला आशा होती.

मीही ताईकडे चार दिवस राहायला जाते. निरोप कोणाचाच नेणार नाही. निघण्याआधी दादाला भेटून सांगेन, की मी तिच्याकडे चाललेय, आणि तू यावंस असं मला वाटतं. चिडेल. चिडू दे, पण त्याला हे माझ्याच तोंडून कळायला हवं.