चालेल ना?

रॉटरडॅमच्या ऑफिसात मला 8 जणांच्या टीमचा लीड केलं, तेव्हा रावेरला घरी पेढे वाटले गेले. इकडे माझी झोप उडालेली. आमची कंपनी फळांच्या कंटेनरचं तापमान सांभाळणारं सॉफ्टवेअर करते. काम येत होतं, पण 'हे असं करायचं' एवढं तोंडातून निघत नव्हतं.

आमच्याकडे ओट्यावर मोठी माणसं बसली की धाकट्यानं नुसतं ऐकायचं. ती सवय माझ्यासोबत विमानात बसून आली. मीटिंगमध्ये प्रत्येक वाक्याला मी 'चालेल ना?' जोडायचो. तिसऱ्या आठवड्यात टीममधल्या एका डच मुलीनं, माझ्याहून 7 वर्षांनी लहान, सगळ्यांसमोर विचारलं, "हे तू ठरवलंयस, की आम्हाला विचारतोयस?" कान तापले माझे. (इथं याला उद्धटपणा म्हणत नाहीत. मला मात्र अजून तो वाटतोच.)

रविवारी नानांना फोन लावला. ते केळीच्या बागेत, दुसऱ्या दिवशी कापणी. केळी हिरवीच कापावी लागते, दिल्लीपर्यंत ट्रकमध्ये टिकायची असते. नाना घडाखाली उभं राहून केळ्यांच्या धारा अंगठ्यानं चाचपतात. धार बोथटली, अंग भरलं, की म्हणतात, "काप." मी विचारलं, खात्री कशी पटते? "खात्री कशाची? पिकल्यावर तं माकडबी सांगीन, केयं पिकेल हाये म्हनून."

ईस्टरच्या सुट्ट्यांआधीच्या गुरुवारी नवं व्हर्जन चढवायचं होतं. चाचणीत एक सेन्सर दोनदा गप्प झालेला. केळीचा कंटेनर साधारण 13-14 अंशांवर ठेवतात. त्याखाली गेला की साल काळवंडते, थंडीच्या लाटेत आपल्या बागांचं होतं तसंच. खरं कारण कळायला सुट्ट्या संपाव्या लागणार होत्या. मी म्हटलं, "आज चढवायचं नाही. मंगळवारी बघू." 'चालेल ना' जिभेवर आलं होतं, गिळलं.

कुणी हूं की चूं केलं नाही. त्या मुलीनं बोर्डावरची तारीख बदलली आणि जेवायला गेली. जेवण म्हणजे काय, तर ब्रेडमध्ये चीज!

मंगळवारी कळलं, सेन्सर धड होता, चाचणीच्या टेबलावरची केबल ढिली होती. थांबायची गरजच नव्हती. पोटात गोळा घेऊन सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितलं, "अंदाज माझा चुकला. पाच दिवस गेले."

ती लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, "मग आता चढवू?"

"चढव."