लॉ नोट्सची शॉर्टहँड : अपडेट, सध्या आकड्यांशी मारामारी

मंडळी, पिटमन (रेघांची इंग्रजी शॉर्टहँड) सोडलं बरं का. लेक्चरला बॉलपेनने ते होतच नाही, 'प' आणि 'ब' मधला फरक फक्त रेघ बारीक की जाड एवढाच, आणि क्रिमिनलचे सर बोलायला लागले की सगळ्याच रेघा सारख्या येतात. त्यामुळे आता आपली खिचडीच चालू आहे, थोडं मराठी थोडं इंग्रजी.

अमेरिकेतली लॉची पोरं वादीसाठी ग्रीक पाय आणि प्रतिवादीसाठी डेल्टाचा त्रिकोण काढतात, ते मी सिव्हिलच्या नोट्सना उचललं आणि मस्त बसलं. क्रिमिनलला उपयोग नाही, तिथे समोर सरकार असतं, म्हणून तिथे जजमेंटमधलंच ए१, ए२ (आरोपी १, २), पीडब्ल्यू१ (सरकारी साक्षीदार १) ठेवलंय. 'रीड विथ'ला (दोन कलमं एकत्र लावताना) मात्र एफआयआरमधलं 'सह' घेतलं, ३०२ सह ३४, हात न उचलता लिहून होतं. सीपीसीला (दिवाणी प्रक्रिया संहिता) ऑर्डर ७ रूल ११ म्हणजे दावाच फेटाळायचा अर्ज, तो मी ७/११ लिहिते, शेजारचीने वहीत डोकावून विचारलं की सातबारा कुठून आला मध्येच 😄

आता खरी डोकेदुखी. आपली निम्मी शॉर्टहँड म्हणजे नुसते आकडे होते ना, ३०२ म्हटलं की खून, ४२० म्हटलं की फसवणूक, पुढे काही लिहायलाच नको. १ जुलै २०२४ पासून आयपीसी (दंड संहिता) जाऊन बीएनएस (भारतीय न्याय संहिता) आली, खून १०३ ला गेला, फसवणूक ३१८(४) ला, ठीक आहे, पाठ होतं. पण ४८२ बघा. सीआरपीसीत (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करायला जायचं ते कलम. तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) तेच ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो आधी ४३८ होता, आणि क्वॅशिंग, म्हणजे एफआयआर रद्द करणं, गेलं ५२८ ला. म्हणजे वहीत नुसतं ४८२ दिसलं तर कुठलं समजायचं?? आणि जुनं विसरूनही चालत नाही, आधीच्या तारखेचे गुन्हे आयपीसीखालीच चालतायत, शिवाय केस लॉ (कोर्टाचे आधीचे निकाल) सगळा जुन्या नंबरांचा.

माझा तोडगा असा, जुना आकडा गोलात, नवा उघडा. आधी जुन्याला 'जु' लावून बघितलं पण घाईत तो '५' सारखा दिसतो, मग ५४८२ असलं भलतंच कलम तयार होतं. गोल काढायला अर्धा सेकंद जास्त जातो पण परीक्षेच्या आदल्या रात्री नजर थेट त्यावर जाते, त्यामुळे हेच ठेवणार.

अडलंय ते पोटकलमांवर. ३१८(४), ३(५) मधले कंस काढताना हात थांबतो, मी सध्या आकड्याच्या डोक्यावर छोटा आकडा लिहितेय पण रेघांच्या वहीत तो वरच्या ओळीत घुसतो. कोणाकडे यावर काही चांगली खूण असेल तर फोटो टाका.