पाच खोल्या असताना काकू परसात का?

गेली तीन वर्षं लग्नकार्यात, एसटी स्टँडवर, वाण्याच्या दुकानात लोक मला एकच विचारतात. "घरात पाच खोल्या असताना काकूंना परसात नेऊन ठेवलंत?" काही जण काळजीने विचारतात, काहींच्या आवाजात ठपका असतो. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

आमचं घर गुहागर तालुक्यात, जांभ्या चिऱ्याचं, आजोबांच्या वेळचं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, प्रत्येकाची पातळी वेगळी आणि प्रत्येक दाराला चांगला वीतभर उंबरा. काकूच्या खाटेपासून न्हाणीपर्यंत सहा उंबरे. लग्न होऊन आली तेव्हापासून ती ते खाली न बघता ओलांडत होती. वयाच्या 82 व्या वर्षी, श्रावणातल्या एका पहाटे, चौथ्यावर पाय अडकला आणि खुबा मोडला.

ऑपरेशन झालं, वॉकर आला. पण वॉकर उंबऱ्यावरून सरकत नाही, तो उचलून पलीकडे ठेवावा लागतो आणि नेमका तेव्हाच तोल जातो. सुताराला बोलावून दोन उंबरे कापले. पातळ्यांचं मात्र काही करता येईना. मग मी आणि बायको आळीपाळीने तिला धरून न्यायला लागलो. महिनाभराने ती म्हणाली, "बाळ, मला धरून नेऊ नकोस. माझं दार मला उघडू दे."

माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. मला काकूने वाढवलं. ती जे मागते आहे ते माणुसकीचं आहे, हे कळायला मला वेळ लागला नाही. तिला दूरच करायचं असतं, तर घरातलीच एखादी अंधारी खोली पुरली असती.

म्हणून परसात तिच्यासाठी वेगळी खोली बांधायचं ठरवलं. ग्रामपंचायतीची परवानगी मिळेपर्यंत दिवाळी झाली. कोकणात जोत्याचं आणि भिंतीचं काम मेअखेर उरकलंच पाहिजे, नाहीतर पाऊस सगळं धुऊन नेतो. खोली 12 बाय 14 ची, शेजारी संडास-बाथरूम. खर्च पावणेपाच लाख.

खरी अडचण जोत्याची होती. गवंडी म्हणाला, परसात पाणी वाहतं, दोन फूट जोतं हवंच. आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, म्हणजे दोन फुटांना चोवीस. एवढा उतार परसात कुठे बसवायचा? दोन रात्री मी कागदावर रेघोट्या ओढत बसलो. शेवटी खोलीचं जोतं मागच्या पडवीच्या बरोबरीने घेतलं आणि मध्ये कौलांखालून सपाट वाट काढली. पडवी ते खोली बारा पावलं, वाटेत एकही पायरी नाही. चोवीस फुटांचा उतार अंगणाच्या बाजूला घेतला, बारा फुटांवर वळवून, वळणावर पाच फूट सपाट जागा ठेवून. पावसात उतारावर शेवाळ धरतं, म्हणून काँक्रीट ओलं असतानाच त्यावर खराट्याने आडव्या रेघा ओढून घेतल्या. ते काम मी स्वतः केलं.

कोणी बांधणार असेल तर आणखी दोन गोष्टी जरूर सांगेन. जांभ्यात स्क्रू धरत नाही. कमोडजवळ आणि नळाखाली धरायचे दांडे लावायचे तर भिंत चढतानाच त्या जागी काँक्रीट भरून घ्या. आणि बाथरूमचं दार बाहेर उघडणारं ठेवा. आत माणूस दाराला टेकून पडलं, तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

खिडकी तिने सांगितली तशी केली. पडल्या पडल्या विहीर आणि आगरातल्या पोफळी दिसल्या पाहिजेत, म्हणून जमिनीपासून दोन फुटांवर. गवंड्याला वानरांची भीती, म्हणून जाळी. आता ती पहाटे साडेचारला उठते, स्वतःच्या शेगडीवर चहा ठेवते, भांडी हवी तशी वाजवते. मोठ्या घरात आमची झोप मोडेल म्हणून ती सहापर्यंत अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहायची, हे ती त्या खोलीत राहायला गेल्यावरच आम्हाला तिच्याकडून कळलं. मला त्याचं फार वाईट वाटलं.

हाकेसाठी आधी विजेची बेल बसवली. आषाढात दोन दोन दिवस वीज नसते, तेव्हा ती मुकी. मग तिच्या उशापासून आमच्या माजघरापर्यंत रहाटाची नायलॉनची दोरी ओढली आणि टोकाला देवघरातली जुनी पितळी घंटा बांधली. चहा झाला की ती एकदा दोरी ओढते. सहापर्यंत घंटा वाजली नाही तर मी जातो. आजवर दोनदा जावं लागलं. एकदा ताप होता, एकदा ती पोफळींकडे बघत बसली होती आणि विसरली.

एक चूक झाली. तिच्या दारापुढची पडवी चारच फूट ठेवली. दुपारी शेजारच्या दोघी गप्पांना येतात, खुर्च्या मांडल्या की वॉकरला वाट उरत नाही. चिरे सांगून ठेवलेत, येत्या मार्गशीर्षात ती दोन फूट वाढवतोय.