हिल्टन हेडला जाताय? मग गला-गीची पोरांबद्दल थोडं वाचून जा

लाँग वीकेंड आला की अटलांटातली आपली बरीच मराठी मंडळी साउथ कॅरोलिनातल्या हिल्टन हेड बेटावर पळतात, आम्हीपण जातो, बीच सुंदरच आहे. पण 1956 ला पूल झाला त्याआधी त्या बेटावर बहुतेक सगळी वस्ती काळ्या लोकांची होती हे तिथे कोणी सांगत नाही. गला-गीची लोक. भातशेतीत मुरलेल्या पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांना पकडून आणून कॅरोलिना-जॉर्जियाच्या किनाऱ्यावर गुलाम म्हणून राबवलं, त्यांचे हे वंशज. बेटांवर मलेरिया, गोरे मालक फारसे फिरकायचे नाहीत, त्यामुळे यांची भाषा, गाणी, खाणं बऱ्यापैकी आफ्रिकन राहिलं.

मला यातली एक गोष्ट सगळ्यांना सांगावीशी वाटते. 1933 मध्ये लोरेंझो टर्नर नावाच्या काळ्या भाषातज्ज्ञाने जॉर्जियातल्या हॅरिस नेक गावात अमेलिया डॉली या बाईंचं गाणं रेकॉर्ड केलं. शब्दांचा अर्थ त्यांनाही माहीत नव्हता, घरात चालत आलं म्हणून म्हणायच्या. पुढे कळलं की ही पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन देशातली मेंडे भाषा, आणि गाणं अंत्यविधीचं. मग काही संशोधक तिकडे गावोगाव ते ऐकवत फिरले आणि एका लांबच्या खेड्यात बेंडू जबाती नावाची बाई सापडली जिला ते येत होतं, तिच्या आजीने लहानपणी शिकवलेलं आणि बजावलेलं की हे विसरू नकोस, आपली माणसं यावरून ओळखू येतील. इकडे अमेलियाबाईंची मुलगी मेरी मोरान, तिलाही आईचं गाणं पाठ! 1997 मध्ये मेरी सिएरा लिओनला जाऊन त्या गावच्या लोकांना भेटली. दोनशे वर्षांच्या आसपासची ताटातूट, मध्ये अख्खा समुद्र, आणि दोन्हीकडे गाणं टिकलं कारण घरातल्या बाईने एका लहान मुलीला ते म्हणायला लावलं. वारसा जपणं म्हणजे म्युझियम नाही हो, हे आहे ते.

पण त्याच हॅरिस नेकची जमीन 1942 मध्ये सरकारने युद्धासाठी धावपट्टी हवी म्हणून घेतली, कुटुंबं उठवली, आज तिथे पक्ष्यांचं अभयारण्य आहे. त्यामुळे "आजच्या तरुणांना आपल्या संस्कृतीचं काही पडलेलं नाही" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. राहणार कुठे ती पोरं? जॉर्जियातल्या सापेलो बेटावर हॉग हॅमॉक नावाची छोटी गला-गीची वस्ती उरली आहे, पूल नाही, फेरीनेच जायचं, बेटावर शाळा नाही, नोकऱ्या जवळपास नाहीतच. 2023 मध्ये काउंटीने (म्हणजे जिल्हा प्रशासनाने) तिथल्या घरांची मर्यादा 1400 चौरस फुटांवरून 3000 केली, म्हणजे बाहेरच्यांचे बंगले येणार, टॅक्स वाढणार आणि जुनी माणसं विकून निघणार ही भीती होती. लोकांनी कोर्टात धाव घेतली.

आणि जमिनीच्या कागदांचं दुखणं तर आपल्याला सांगायलाच नको. पणजोबांनी मृत्युपत्र केलं नाही, वारसनोंद नाही, जमीन सगळ्या वंशजांची सामायिक, आपल्या सातबारावर वीस-वीस नावं असतात तसंच. त्यातल्या लांबच्या कोणी आपला हिस्सा बिल्डरला विकला की बिल्डर कोर्टात जाऊन सगळी जमीन लिलावात काढायला लावू शकतो. किती जमीन अशी गेली! जॉर्जियाने 2012 मध्ये आणि साउथ कॅरोलिनाने 2016 मध्ये कायदा सुधारून घरच्यांना आधी विकत घ्यायची संधी दिली, पण कागद लावायचे कोणी? तर घरातल्या शिकलेल्या पोरांनी. आजीकडून नावं विचारून वंशावळ लिहायची, वकिलाकडे बसायचं. माझ्या मते गाणं शिकण्याइतकंच हे वारसा जपण्याचं काम आहे, याचे फोटो मात्र कोणी टाकत नाही.

भाषेचंही तेच, शाळेत ही पोरं आपली गला भाषा बोलली की 'मोडकं इंग्लिश' म्हणून बोलणी खायची. आता सन म्शो हा चार्ल्सटनकडचा गला बोलणारा माणूस 2017 पासून हार्वर्डमध्ये ती भाषा शिकवतोय, सोशल मीडियावरही शिकवतो, आणि तरुण मुलं आजीची भाषा न लाजता बोलतात.

चार्ल्सटनजवळ माउंट प्लेझंटला हायवे 17 वर स्वीटग्रास नावाच्या गवताच्या टोपल्यांचे स्टॉल दिसतील, तिथे थांबा. बाई गवताची जुडी गोल गोल फिरवत नेते, चमच्याच्या दांड्याला घासून केलेल्या टोच्याने भोक पाडते आणि त्यातून पामच्या पानाची पट्टी ओढून घट्ट करते, सुरुवातीची गाठ मुलं लहानपणीच शिकतात. असल्याच टोपल्या पूर्वी भात पाखडायला होत्या. महाग वाटतील, घासाघीस करू नका, एका टोपलीला कित्येक दिवस जातात, आणि त्या पैशातूनच पुढच्या पोरीला वाटतं की हे शिकून घर चालेल. हिल्टन हेडहून तासाभरावर सेंट हेलेना बेटावर पेन सेंटर आहे, 1862 मध्ये गुलामीतून सुटलेल्यांसाठी सुरू झालेली शाळा. मुलांना घेऊन जा, बीच दुपारनंतरही करता येतो.