दोन सेफ्टी मागे: पासविरोधी डिफेन्सच्या वहीतली तिसरी नोंद

अमेरिकन फुटबॉलमध्ये पास, म्हणजे फेकलेला चेंडू, अडवणारा डिफेन्स इथे कागदावर आखणं चालू आहे. सध्याची स्थिती: माणसांची निवड आणि मागची रचना पक्की. क्वार्टर्सचे (मागच्या चौघांनी खोल मैदानाचा एकेक चतुर्थांश राखायचे) नियम चाचणीत उतरले, एक भोक सोडून. सिम्युलेटेड प्रेशर (जास्त माणसं धावून येण्याचा नुसता आव) अर्धवट. धावेचा, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवण्याचा, हिशेब अजून तोट्यातच.

चाचणीची पद्धत तीच. चौकोनी कागद आडवा धरायचा, एक चौकोन म्हणजे एक यार्ड. मैदानाची रुंदी ५३ यार्डांहून किंचित जास्त, त्यामुळे अर्ध्या सेंटीमीटरचे चौकोन असले की ती ए-फोरवर बसते. काळी बटणं डिफेन्सची, पांढरी आक्रमणाची. एक खेळी म्हणजे अर्धा सेकंद. रिसीव्हर (पास झेलायला धावणारा) पहिल्या खेळीत दोन चौकोन आणि पुढे चार-चार. मागे सरकणारा लाइनबॅकर (डिफेन्सच्या पहिल्या फळीमागचा खेळाडू) फार तर तीन. पाच खेळ्यांत चेंडू हातातून सुटतोच, कारण एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) साधारण अडीच-पावणेतीन सेकंदांत फेकतो.

माणसं: तीन रिसीव्हर, एक टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा, अडवणारा आणि झेलणाराही), एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) हा आजचा नेहमीचा संच. त्यासमोर तिसरा लाइनबॅकर बाहेर बसवून निकेल आणायचा, म्हणजे पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (पास राखणारा); बाकीचे चार म्हणजे कडेचे दोन कॉर्नर आणि सर्वांत मागचे दोन सेफ्टी. निकेलला राखीव समजण्याचे दिवस गेले. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये (एनएफएलच्या अंतिम सामन्यात) ईगल्सचा निकेल कूपर डिजीन याने चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्स याचा पास पकडून थेट एंड झोन (गुण मिळवून देणारा शेवटचा पट्टा) गाठला, तोही नवखा असताना.

क्वार्टर्स, दोन्हीकडे दोन-दोन रिसीव्हर असताना: कॉर्नर ७ यार्डांवर, सेफ्टी ११ वर, निकेल ५ वर, आतल्या रिसीव्हरच्या किंचित बाहेर. सेफ्टीची नजर आतल्या रिसीव्हरवर. तो १० यार्डांपलीकडे सरळ गेला तर तो सेफ्टीचा, बाहेरचा कॉर्नरचा. तो ५ यार्डांच्या आत बाहेर वळला तर निकेलचा, आणि मोकळा झालेला सेफ्टी बाहेरच्या रिसीव्हरवर आतून झाकण घालतो. म्हटलं तर ही झोन (माणूस नव्हे, जागा राखायची पद्धत) आहे, पण माग धरल्यावर माणूस-माणूस. १९७८ पासून एनएफएलमध्ये ५ यार्डांपुढे रिसीव्हरला धक्का देता येत नाही, म्हणून निकेलचा हात पहिल्या दोन खेळ्यांतच लागला पाहिजे. उशिरा लागला तर ५ यार्ड जातात आणि वर फुकटचा फर्स्ट डाउन (नव्याने चार प्रयत्न).

भोक इथे आहे. आतला रिसीव्हर १२ यार्डांवर आत वळतो, म्हणजे डिग. बाहेरचा त्याच्या डोक्यावरून पोस्ट धावतो, म्हणजे खोलवर जाऊन मधल्या गोलखांबांकडे तिरका. या जोडीला मिल्स म्हणतात. नियमाप्रमाणे सेफ्टी डिगवर झडप घालतो. कॉर्नर बाहेरच्या बाजूने राखण करत होता, आतून सेफ्टी येईल या भरवशावर. चौथ्या खेळीला पोस्टच्या पांढऱ्या बटणापुढे नुसता कोरा कागद उरतो. सेफ्टी चुकला असं वाटतं, पण त्याने नियम पाळला, तिथेच तर गोम आहे. दुरुस्ती दोन ठिकाणी केली: कॉर्नर सुरुवातीलाच एक पाऊल आत उभा राहतो, आणि पलीकडच्या सेफ्टीला त्याच्या बाजूने कोणी खोल आलं नाही तर तो पोस्टवर येतो. त्याच्या बाजूनेही खोल धाव आली तर भोक उघडंच राहतं. ते चौघांच्या दबावाने झाकायचं, दुसरा इलाज सापडलेला नाही.

म्हणून ब्लिट्झ (चौघांहून जास्त जण क्वार्टरबॅकवर सोडणं) शेवटी. बहुतेक हौशी वह्यांची सुरुवातच ब्लिट्झच्या पानांनी होते आणि तिथेच घोळ होतो. वरच्या सुपर बोलमध्ये ईगल्सचे डिफेन्स प्रशिक्षक विक फॅंजिओ यांच्या डिफेन्सने एकही ब्लिट्झ न करता महोम्सला सहा वेळा सॅक केलं, म्हणजे फेकण्याआधीच पाडलं. मध्यंतराला २४-०, शेवटी ४०-२२. चौघेच धावले, सात मागे. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: एंडने (चौघांतल्या कडेच्या माणसाने) क्वार्टरबॅकच्या मागे खोल पळायचं नाही. तो एकदा पुढे निघून गेला की बाजूची खिडकी सताड उघडी.

सिम्युलेटेड प्रेशरमध्ये दोन लाइनबॅकर सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्या लाइनमनच्या) दोन्ही बाजूंना उभे करायचे, स्नॅपला (चेंडू मागे येताच) एक धावतो आणि एक एंड मागे येतो. धावणारे चारच, पण आक्रमणाच्या लाइनला आधी सहा मोजावे लागतात. बटणांवरचा निकाल वाईट: एंडची पहिली खेळी हुलकावणीत जाते, ८ यार्डांच्या जागी पोहोचायला चार लागतात. स्लँट (लगेच आत तिरका धावणाऱ्याला दिलेला पास) तिसऱ्या खेळीलाच सुटतो. आता तो एंड स्लँटच्या बाजूने मागे घेत नाही; रनिंग बॅक ज्या बाजूला उभा आहे तिकडून घेतो आणि स्लँटच्या वाटेत निकेल आत सरकतो. तिथे बाहेरचा झटपट पास मोकळा मिळतो, चार-पाच यार्डांचा. क्रिकेटमध्ये डीप पॉइंटला एक धाव सोडतात, तसा तो सोडायचा. मात्र पहिला टॅकल (पाडण्याचा प्रयत्न) सुटला की एकाचे चार.

धाव: पाच लाइनमन आणि टाइट एंड मिळून सात फटी, आपली माणसं सहा. सेफ्टी ११ यार्डांवरून येईपर्यंत धावणारा पाच यार्ड पुढे. सध्या आतल्या लाइनमनला दीड फट दिली आहे: समोरच्याला छातीशी रोखून धरायचं, चेंडू कुठे जातो ते पाहून सुटायचं. तो एका फटीत घुसला की गणित मोडतं. क्वार्टरबॅक स्वतः पळाला तर आठवा माणूस लागतो, तो अजून वहीत नाही.

कॉलेजच्या मैदानासाठी वेगळं पान लागेल. हॅशच्या दोन खुणांच्या ओळींवर किंवा त्यांच्यामध्ये चेंडू ठेवून खेळी सुरू होते; एनएफएलमध्ये त्या एकमेकींपासून साडेअठरा फुटांवर, कॉलेजात ४० फुटांवर. चेंडू एका कडेला गेला की दुसऱ्या बाजूला माळरान. निकेल कायम त्या रुंद बाजूला, एवढंच आत्ता लिहून ठेवलं आहे. पुढची चाचणी एका बाजूला तीन रिसीव्हर ठेवून, काळं बटण क्रमांक सात हलवून.