तुम्ही विचारलंत म्हणून : वाद आणि संवाद

श्रीलंकेतील बौद्ध आणि ख्रिस्ती यांच्या संवादाविषयी मी बोलतो, तेव्हा एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : भिक्खू आणि फादर एकत्र बसून बोलल्याने तिथला कट्टर सिंहली-बौद्ध राष्ट्रवाद थांबतो का?

तो थांबला नाही, हे प्रथम मान्य करतो. फादर अलॉयसियस पिएरिस यांनी १९७४ साली केलानिया येथे ‘तुलना’ हे बौद्ध-ख्रिस्ती संवादाचे केंद्र सुरू केले, आणि त्यानंतर नऊ वर्षांनी कोलंबोत तमिळांची घरे जाळली गेली. बाबासाहेब १९५० साली ज्या देशात बौद्ध परिषदेला गेले होते, तिथे धम्मरक्षणाची भाषा शेजाऱ्यांविरुद्ध वापरली गेली, याचे माझ्यासारख्या मराठी बौद्धाला फार दुःख होते.

मात्र त्या राष्ट्रवादामागची वेदना खोटी नव्हती. वसाहतकाळात मिशनऱ्यांनी बौद्ध धर्माची उघड निंदा केली होती. १८७३ साली पानदुरा येथे बौद्ध भिक्खू गुणानंद थेरांनी त्यांना जाहीर वादात उत्तर दिले, तेव्हा हजारो लोकांना गेलेला मान परत मिळाल्यासारखे वाटले. पण वादात एकाला हरावेच लागते. १९५६ साली केवळ सिंहलीला राजभाषा करण्यात आले, तेव्हा हरणारे तमिळ होते, आणि त्यांत हिंदू होते तसे ख्रिस्तीही होते.

म्हणून मला विद्वानांच्या चर्चेपेक्षा फादर मायकेल रॉड्रिगो यांचे जगणे अधिक मोलाचे वाटते. १९८० साली ते श्रीलंकेच्या आग्नेय भागातील बुत्तलजवळच्या एका बौद्ध खेड्यात ‘सुबसेत गेदर’ नावाचे साधे घर करून राहिले. वेल्लस्सचा हा प्रदेश. १८१८च्या उठावानंतर इंग्रजांनी इथली शेते आणि तळी उद्ध्वस्त केली होती, आणि ख्रिस्ती धर्म गावाला त्याच राज्यकर्त्यांचा वाटत असे. रॉड्रिगो यांनी तो संशय रास्त मानला, धर्मांतराचा विचार बाजूला ठेवला, आणि उसाच्या लागवडीसाठी जमिनी गमावणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाजूने ते भिक्खूंसोबत उभे राहिले. परक्या धर्माच्या माणसाला शत्रू ठरवणे अशा गावात कठीण होते, आणि माझ्या मते संवादाचे खरे काम एवढेच, पण फार मोठे आहे.

धोका वाढल्यावर गाव सोडावे की राहावे, याचा विचार त्यांनी सोबत्यांबरोबर केला होता आणि राहायचे ठरवले होते. १० नोव्हेंबर १९८७ रोजी, त्याच घरात, मिस्साच्या, म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या, वेळी त्यांना गोळी घालण्यात आली.